हृदयच तर आहे

३ मार्च
डोंगरातल्या नारीन शहरात पोहोचले एकदाची! कॅन्सर वॉर्डात नर्स म्हणून रुजू झाले. डॉक्टर आल्माशबाईंनी खारा चहा आणि गरम बोर्सोक, तळलेले पिठाचे गोळे, पुढे केले आणि बजावलं, कॅन्सर हा शब्द पेशंटसमोर काढायचा नाही, घरच्यांना चालत नाही. विचारलंच तर म्हणायचं, हृदय जरा थकलंय. आमच्या गावीही हेच सांगतात, त्यात काय मोठंसं! थापा मारण्यात मी लहानपणापासून पटाईत आहे.

६ मार्च
सागीन आके, म्हातारे मेंढपाळ. यकृताचा कॅन्सर. म्हणतात, तुझी सुई घोड्यालासुद्धा झेपायची नाही. मग हळूच विचारलं, मला झालंय तरी काय? मी ठरलेलं सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, दोन वाट्या रस्सा प्यायले. हृदयाचा आलेख सकाळीच काढला होता, स्वच्छ होता.

९ मार्च
सागीन आके गेले. हृदयाभोवती पाणी साचलं. डॉक्टर म्हणाल्या, शेवटी शेवटी होतं असं, गुठळ्याही होतात, औषधांनीही हृदय खचतं. असेल. पण तीन दिवसांपूर्वी काहीच नव्हतं.

१४ मार्च
पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या तुर्सुन एजेंनाही अकरा तारखेला तेच सांगितलं होतं. आज गेल्या. हृदयच. जुन्या नोंदी चाळल्या, कुणाला काय सांगितलं ते बाकीच्या नर्सना विचारलं. ज्यांना ज्यांना हृदय म्हणून सांगितलं, ते तिसऱ्या दिवशी गेले. ज्यांना नाही सांगितलं, ते अजून जेवणावरून भांडतायत. डॉक्टर म्हणतात, झोप काढ.

१७ मार्च
माझ्या धाकट्या भावाने, कुबातने, आईला आणलं. फुप्फुस. पसरलंय. औषध लागू पडलं तर वर्ष काढेल. आई विचारते, मला काय झालंय गं? मी खिडकीबाहेर बघते. कुबातला हात जोडले— काहीही सांग, हृदय म्हणू नकोस. त्याला वाटतं, मला वेड लागलंय.

१९ मार्च
आई उठून बसलेली. हसत होती. म्हणाली, कुबातने सांगितलं सगळं, हृदय जरा थकलंय एवढंच, उगाच तोंड पाडून हिंडतेस.
भिंतीकडे तोंड करून पडलेली त्याला बघवली नाही म्हणे. मारलं मी त्याला.

२० मार्च
आलेख स्वच्छ. पुन्हा काढायला लावला. स्वच्छ.
आईला खरं सांगून टाकलं. तिला वाटलं, मी थापा मारतेय.

२१ मार्च
नोरुझ, नवं वर्ष. कुबातने सुमोलोक आणलं, गव्हाच्या कोंबांची खीर. आईने वाटी चाटूनपुसून खाल्ली. छातीत जरा फडफडतंय म्हणते—

२२ मार्च
एका हाताने लिहितेय. दुसऱ्यात तिची नाडी. एकशे चाळीस. मध्येच ठोका चुकतो— डॉक्टर पाणी काढायची सुई आणायला धावल्यात. ओठ निळे— माझ्याकडे बघतेय. मलाच धीर देतेय. “घाबरू नकोस पोरी, हृदयच तर आहे, ते काय—”
नाडी