एक कण पुरतो

९ फेब्रुवारी, मानक नगर
आलो बाई एकदाचे लखनौला! अभिरामची बदली रेल्वेच्या संशोधन संस्थेत झाली आणि क्वार्टर मिळालं ते अगदी कोपऱ्यातलं, पुढे पेरूचं झाड असलेलं. खोकी अजून बांधलेलीच आहेत, पण शेजारच्या लताभाभींनी आल्या आल्या गरम खस्ता कचोऱ्या आणि आलूची सब्जी आणून दिली, त्यामुळे आजचा स्वयंपाक टळला. आमची वेदिका नऊ वर्षांची, पण दोन तासांत फाडफाड हिंदी बोलायला लागली. मी आईची मम्मी झालेय.

खरा आनंद वेगळाच आहे. वेदिकाच्या फिट्स ज्या सिरपनं दोन वर्षं थांबल्यात, त्याचं औषध आता देशात एकच कारखाना बनवतो, तो इथं चिनहटला. आणि मला नोकरी तिथंच मिळाली! कोकणातल्या आमच्या जुन्या कारखान्यातही ते व्हायचं, पण शेवटी शेवटी बिघडत गेलं आणि बंद पडलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

११ फेब्रुवारी
आमचे प्रमुख हरिहर मिश्रा, सगळ्यांचे मिश्राजी. तीस वर्षं हेच औषध बनवतायत. पहिल्याच दिवशी म्हणाले की बिटिया, ये चीज़ बड़ी नखरेवाली है, जल्दबाज़ी मत करना. मी मनात हसले. मला शिकवतायत!

औषधाचं गरम द्रावण सावकाश निववायचं. मग तळाशी चपटे, अभ्रकासारखे चकाकणारे स्फटिक बसतात. ते वाळवून सिरपात विरघळवले की झालं. लाडवाच्या पाकाचंच शास्त्र हे. पाकात साखरेचा एक दाणा पडला की अख्खा पाक बसतो. त्या दाण्याला आम्ही बीज म्हणतो. बीज जसं असेल तसं पीक येतं.

१४ फेब्रुवारी
आज भाव खाल्ला. एक चंबू सकाळपासून अडून बसला होता, स्फटिक काही धरेनात. मी पर्समधून माझी काचकांडी काढली. जुन्या प्रयोगशाळेची आठवण म्हणून आणलेली, हातात बसलेली. त्या कांडीनं चंबूच्या आतल्या बाजूला चार ओरखडे मारले. सगळे जुने केमिस्ट असंच करतात. मिनिटभरात चंबू पांढरा! टाळ्या पडल्या. मिश्राजींनी मात्र तो बराच वेळ उजेडात धरला. स्फटिक चपटे नव्हते, बारीक, रेशमी तंतूंसारखे होते. म्हणाले, ऐसा तो कभी देखा नहीं.

दिसायला सुंदर होते, खरंच.

२० फेब्रुवारी
मोठ्या टाकीतही तेच बारीक स्फटिक आले, सुयांसारखे. औषध तेच, कणभर भेसळ नाही, फक्त आकार वेगळा. पण या सुया सिरपात विरघळत नाहीत. पोटात गेल्या तरी जशाच्या तशा बाहेर पडतील. टाकी उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली.

२४ फेब्रुवारी
पुन्हा सुया. आता तर पाच मिनिटांत धरतात. चपटे स्फटिक एकदाही आले नाहीत.

१ मार्च
आज एका जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोलताना कळलं. कोकणातल्या शेवटच्या बॅचेसही सुयांच्याच होत्या. आम्ही पाण्याला दोष दिला आणि हात झटकले. तिथलं बीज माझ्या कांडीवर चिकटून इथं आलं. मी आणलं. सुयांचं रूप जास्त पक्कं आहे, एकदा ते जागेत शिरलं की जुनं रूप पुन्हा येत नाही. डोळ्यांना न दिसणारा एक कण पुरतो.

मिश्राजींना सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. नुसते खुर्चीत बसले आणि म्हणाले, अब तो ये सुइयाँ हम सब पर होंगी. केसांत, कपड्यांत, श्वासात.

कांडी फोडून भट्टीत टाकली. घरच्या कपाटात वेदिकाच्या आठ बाटल्या आहेत. मी पाच वेळा मोजल्या.

५ मार्च
आवाराच्या पलीकडच्या रिकाम्या इमारतीत नव्या भांड्यांत, नव्या माणसांनी औषध केलं. चपटे स्फटिक आले! मला तिथं जायची बंदी होती. मी फक्त दारातून पाहिलं. दुरून. अर्धं मिनिट.

६ मार्च
तिथंही सुया.

९ मार्च
सकाळी मी डबा भरत असताना वेदिका खाली पडली. दोन वर्षांनी पहिली फिट. कुशीवर वळवलं, डोकं धरलं, चार मिनिटं. चार मिनिटं म्हणजे किती असतात हे मी विसरले होते.

बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरा कापूस. वर उरलं ते साखरेचं पाणी, तेच मी ही बाटली उघडल्यापासून, चार दिवस, तिला पाजत होते. बाकीच्या सात पाहिल्या. सातही तशाच. त्यांची सीलं मोडलेली नव्हती. सीलबंद बाटलीत बीज शिरतं कसं? हे रसायनशास्त्रात बसत नाही.

बाटली गरम पाण्यात धरली तर सुया विरघळल्या. जीव भांड्यात पडला. चमचा घेऊन वळले तोवर पुन्हा धरल्या होत्या.

११ मार्च
डॉक्टरांनी दुसरी औषधं सुरू केलीत. तीच, जी दोन वर्षांपूर्वीही चालली नव्हती. आज तीन फिट्स.

आलमबागच्या दुकानात जुन्या साठ्यातल्या चार बाटल्या मिळाल्या. दुकानात नितळ होत्या, मी नीट पाहिलं होतं. घरी येईपर्यंत पांढऱ्या. संध्याकाळी दुकानदाराचा फोन. मॅडम, आपने क्या किया, शेल्फ पर जितनी थीं सब —

मी त्या शेल्फला हातही लावला नव्हता.

१३ मार्च
आता कळलं. मी जिथं शोधायला जाते तिथलं संपतं. म्हणून मीच लांब जायला हवं.

१४ मार्च, मलिहाबाद
मिश्राजींच्या आमराईत एक खोली आहे. इथं मी एकटी. अंगावरचे कपडे जाळले, केस कापले. अभिराम आणि वेदिका लताभाभींकडे राहतात, क्वार्टरला कुलूप. अभिरामच्या बहिणीनं, शिवांगीनं, पुण्याहून सहा बाटल्या पाठवल्यात. त्या माझ्या नजरेसही पडायच्या नाहीत.

१९ मार्च
पाच दिवस. बाटल्या नितळ. एकही फिट नाही. मी झाडाला टेकून रडले.

२३ मार्च
फोनवर वेदिका विचारत होती की मम्मी, आप मुझसे नाराज़ हो क्या. मी नाही म्हटलं. मग आती क्यों नहीं. काय सांगू? तुझी आईच तुझं —

२५ मार्च
मिश्राजी गेले. मूत्रपिंडं बंद पडली म्हणे. त्यांनी आयुष्यभर त्या औषधाची भुकटी श्वासातून घेतली, रोज, तीस वर्षं. रक्तात विरघळलेली असणार. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला सांगितलं, आत सगळं पांढऱ्या सुयांनी —

जायच्या आधी ते मला इथं भेटायला आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

म्हणजे बाटलीच लागते असं नाही. औषध जिथं विरघळलेलं असेल तिथं —

वेदिकाच्या अंगात आता अकरा दिवसांचं औषध आहे. अभिरामला संदेश पाठवला. तिला इकडे आणू नको. काहीही झालं तरी.

२६ मार्च
फोन लागत नाही. तीनदा, दहादा. इथं रेंज —

संदेश पोचलाच नसेल तर —

२७ मार्च
गाडीचा आवाज. फाटकापाशी अभिराम. म्हणतो, वेदिका फक्त लांबून बघेल, दोन दिवस जेवली नाही. मी ओरडले. ती तोवर पळत सुटली होती. मी आत शिरले, कडी लावायच्या आत ती — कमरेला मिठी मारली. घट्ट. मी सोडवली नाही. देवा, मी दोन क्षण सोडवली नाही.

अभिराम गाडी दारापर्यंत आणायला धावलाय. ती समोर खाटेवर बसलीय. मी लिहितेय, म्हणजे हात तिच्याकडे जाणार नाहीत.

म्हणते डोळ्यांत काहीतरी टोचतंय. रडू नको म्हटलं. चोळू नको म्हटलं. गालावरचं पाणी ओघळत नाहीये. ते जागच्या जागी पांढरं —