ओट्यावरचा दगड

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

हात चुन्याने अजून चुरचुरताहेत. पण वाट झाली! सावळदरीच्या पायथ्यापासून पठारावरच्या उजाड गावाच्या वेशीपर्यंत साडेचार किलोमीटर. सत्तावीस बाण, सगळे माझ्या हातचे. निवृत्त बाईंना उद्योग नाही म्हणणाऱ्यांनी यावं आणि चढून दाखवावं. दोन रविवारांनी बुलढाण्याहून आमची चालणारी मंडळी येतील. वेस, पायऱ्यांची बारव, सगळं बघतील.

पायथ्याच्या म्हसोबासमोरच्या ओट्यावर आता आमचा फलक येणार. तिथे एकच दगड पडला होता. शेवाळलेला, काळी चिंधी बांधलेला. मला पसारा बघवत नाही. छत्तीस वर्षं वर्गातला फळासुद्धा स्वतः पुसला. उचलला आणि दिला नाल्यात भिरकावून! मग ओट्याला चुना. लख्ख दिसतोय.

पायथ्याच्या गावातला माझा वाटाड्या गोविंदा आज नव्हता. सोयाबीन काढायला गेला होता. नाहीतर चुन्याची बादली त्यानेच वाहिली असती.

१६ ऑक्टोबर

गोविंदा ओट्यापाशी उभा. चेहरा उतरलेला.

‘मॅडम, अथीचा दगड कोठी गेला?’

‘कुठला दगड?’ मी.

मग त्याने सांगितलं. डोंगरात जाणारा प्रत्येक जण आपला एक दगड ओट्यावर ठेवून जातो. उतरला की उचलतो. दिवस मावळायच्या आत ओटा रिकामा व्हायला हवा. दगड उरला तर बाकीचे शोधायला निघतात. ‘दगड हाये म्हंजे मानूस वर हाये.’ गोविंदाचा स्वतःचा दगड म्हणजे एक पांढरी गारगोटी. ती कायम त्याच्या खिशात.

चिंधीचा दगड किसनरावांचा. एकोणीस वर्षांपूर्वी सीताफळं आणायला चढले ते उतरलेच नाहीत. आठ दिवस गाव शोधत होतं, काही मिळालं नाही. त्यांची बायको तानाबाई ओट्याजवळच राहते. दगड आहे तोवर नवरा वर आहे, या हिशेबाने तिने अजून कुंकू पुसलेलं नाही.

‘तुमी तं नाई ना उचलला?’

मी म्हणाले, नाही.

का म्हणाले? चौपन्न पोरांसमोर कान धरायला लावायची मी, खोटं बोलणाऱ्याला. शरम वाटते.

१७ ऑक्टोबर

नाल्यात दोन तास शोधला. गुडघे सोलले. सगळे दगड सारखेच. चिंधी कुठेच नाही.

२० ऑक्टोबर

तानाबाईने ओटा पाहिला. मला वाटलं होतं रडेल. ती नवी काकणं भरून दारात बसली होती! मला हाक मारून आत नेलं.

‘दगड उचलला त्यायनं. आले बाई घरी.’

चुलीपाशी दोन ताटं. एकात भाकर तशीच, तिची. दुसरं पुसून खाल्लेलं.

‘कुठे आहेत?’ मी विचारलं.

‘लाजून राह्यले. एवढ्या वरसानं आले, मानसाइत कसे येतीन?’

मांजर असेल. मांजरच. मांजर भाकरी खातं, पण कांद्याचं देठ ताटाच्या कडेला नीट काढून ठेवतं का?

२४ ऑक्टोबर

ठरवूनच गेले. खरं सांगायचं, पाय धरायचे, परत यायचं. दारात उभी राहून सुरुवातही केली: ‘तानाबाई, तो दगड...’

आतून खोकला आला. पुरुषाचा. दोनदा.

‘हळू बोला,’ तानाबाई म्हणाली. ‘आत्ताच डोया लागला त्यायचा.’

खोलीच्या दाराला पडदा. मधे चार पावलं. मी ती चार पावलं टाकू शकले नाही. उलट्या पावली निघाले ते थेट डांबरी रस्त्यावर.

तिचा रेडिओ असेल. रेडिओ आहे का तिच्याकडे?

यापुढे त्या दारावरून जायचं नाही. जातच नाही मी!

२७ ऑक्टोबर, रविवार

एकवीस माणसं! ओट्यावर प्रत्येकाने आपापला दगड ठेवला. मीच त्यांना रीत सांगितली, ऐटीत, जणू माझाच शोध. माझ्या दगडावर निळ्या खडूने माझ्या नावाचा ‘स’ काढला. गोविंदाची गारगोटी शेजारी. सगळ्यांना भारी मजा वाटली.

वेस बघितली, बारवेत उतरले. पण परतताना पाय जड. पुन्हा पायथा, पुन्हा तानाबाईचं दार. गोविंदा पुढच्यांना घेऊन केव्हाच उतरायला लागला होता. मी मागे राहिले. आमच्यातल्या मंजुश्रीला म्हटलं, ‘मी पठारापलीकडच्या डांबरी रस्त्याला लागते, दूधवाल्याची गाडी मिळेल. गोविंदाला सांग.’ मिळाली. पाचला बुलढाण्यात, घरी! आंघोळ, चहा.

पावणेसात. गोविंदाचा फोन येतोय. तानाबाईने त्याला सांगितलं असणार की मी दगडाचं काहीतरी बोलत होते. आता जाब विचारेल. मला नाही उचलायचा.

परत आला. परत. आवाज बंद करून ठेवला.

२८ ऑक्टोबर

सात वेळा केला होता त्याने.

सकाळी मी लावला तर सिंधूने उचलला, त्याच्या बायकोने. माझा आवाज ऐकून म्हणाली, ‘मॅडम, तुमी घरी हा?’

मंजुश्री बसच्या गडबडीत सांगायला विसरली. गोविंदा गुरांना पाणी दाखवून ओट्याकडे आला तर एक दगड उरलेला. ‘स’ लिहिलेला. मला फोन केले. मग आपली गारगोटी परत ओट्यावर ठेवली आणि बॅटरी घेऊन चढला. वर रेंज नसते म्हणून फोन घरीच.

‘मी म्हनलं, सकायी जा. तं म्हने, मॅडमच्या मांगं कोनी नाई, कोन पाहीन त्यायले?’

अजून आला नाही.

खरं आहे. मी खाली आले की नाही हे बघणारा या जगात एकच माणूस होता. आणि मी त्याचा फोन बंद करून चहा पीत होते.

२९ ऑक्टोबर

गावातले चाळीस जण काल दिवसभर वर होते, आज वनखात्याचीही माणसं. बॅटरी सापडली. वेशीच्या उंबऱ्यावर, उभी ठेवलेली. विझवलेली. झटापटीची खूण नाही, रक्त नाही, अस्वलाचा माग नाही. कुणी घरात शिरताना पायरीवर चप्पल काढून ठेवावी तशी.

महादेवराव सरपंच म्हणाले, तुम्ही उतरलात, तुमचा दगड उचला. सगळ्यांदेखत उचलला. उचलताना धक्का लागून बाजूची गारगोटी हलली. सिंधू ओरडली, ‘त्याले हात नोका लावू!’

मग मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चिंधीचा दगड मी फेकला, गोविंदाशी खोटं बोलले. कुणी मारलं असतं तरी चाललं असतं. तानाबाई हसली, लेकराच्या चुकीला हसावं तशी.

‘तुमी काऊन उचलसान? त्यायनंच उचलला. मले सांगतलं ना त्यायनं.’

नंतर, निघताना, माझ्या कानाशी: ‘पन परवापासून ते घरी नाईत. म्हने, वर एक जन वाट चुकला, त्याले घिऊन येतो.’

३१ ऑक्टोबर

शोध थांबवला. सणासुदीचे दिवस आहेत म्हणाले.

मी थांबवलेला नाही. रोज वेशीपर्यंत जाते. जाताना ओट्यावर ‘स’ ठेवते, येताना उचलते. बाण सगळे खरवडून काढले. गोविंदाची गारगोटी जागच्या जागी असते. तिच्याकडे न बघता तिच्याशी बोलते. काल म्हटलं, ये रे बाबा, वाट्टेल ते बोल मला.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. दिवा लावला नाही. तानाबाईच्या दारात दोन पणत्या होत्या. सिंधूच्या दारात अंधार.

आजही दगड होता. उतरताना दोनदा पाहिला.

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी सिंधूचा फोन. ओटा रिकामा आहे. ती न्हाऊन बसली आहे, निरांजन तयार आहे, दोन ताटं घेतली आहेत. रडत नव्हती. ‘मॅडम,’ म्हणाली, ‘खरं सांगा, तुमी तं नाई ना उचलला?’

नाही. देवाशपथ, या वेळी मी उचललेला नाही.