झाकणावरचा वाटा

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून मी 'पीपल अँड कल्चर मॅनेजर'. शनिवारपर्यंत सुपरवायझर होतो. पगार तोच, केबिन तीच, पण दारावरची पाटी नवीन. पाटी मीच छापून आणली. कंपनीने खर्च द्यायला हवा, पण असो.

सकाळी गॉडफ्रे सरांनी बोलावलं. कामणला मोठं वेअरहाऊस उघडतंय. न्यायला-आणायला व्हॅन, वर पगारात वाढ. आमच्या सातिवलीतली पोरं भराभर तिकडे पळतायत. आपल्याकडे दिवाळीच्या मिठाईच्या प्लास्टिक डब्यांची ऑर्डर डोक्यावर. सर म्हणाले, प्रल्हाद, माणसं टिकव. ती गेली तर त्यांच्या मागोमाग तूही जा.

मी म्हटलं, सर, माझी माणसं माझ्यासाठी जीव देतील. सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. भारावले असावेत.

संकल्प: महिन्याभरात टीम अशी बांधायची की कामणवाल्यांनी हात टेकले पाहिजेत.

९ सप्टेंबर
ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

आमच्याकडे दुपारी सगळे पुठ्ठे अंथरून गोल बसतात. मोल्डिंगवाले, पॅकिंगच्या बायका, सगळे. मी केबिनमध्ये जेवतो. लीडरने थोडं अंतर ठेवावं असं वेबिनारमध्ये सांगितलं होतं. शिवाय त्यांनी मला कधी बोलावलेलं नाही. लाजतात.

माझा डबा मेसचा. बायको, संपदा, सहालाच ऑफिसला निघते, तिच्याकडून अपेक्षा नाही. आज मेसवाल्याने पुन्हा तीच पिवळी डाळ दिली. वैतागून बाहेर आलो तर केबिनच्या खिडकीखालच्या स्टुलावर एक झाकण. आपल्याच मशीनचं, रिजेक्ट मालातलं. त्यावर प्रत्येकाच्या डब्यातलं चमचा-चमचा: वालाचं बिरडं, चवळी, ऑगस्टीनच्या घरची बोंबलाची चटणी, दोन भाकऱ्या. वर दुसरं झाकण.

माझ्यासाठी! गुपचूप! डोळे भरून आले. चटणी तिखटही होती.

रात्री संपदाला सांगितलं. ती म्हणाली, पितृपक्ष चालू आहे, कावळ्यासाठी ठेवलं असेल. या बाईला माझी प्रगती बघवत नाही.

११ सप्टेंबर
झाकण रोज येतंय. आज अळूचं फदफदं. जिजामावशीच्या हातचं असणार. मावशी पॅकिंगची सगळ्यात जुनी बाई, गोलातली खरी मालकीण. तिने मला मानलं म्हणजे सगळ्यांनी मानलं.

आभार मानायचे नाहीत असं ठरवलं. त्यांनी गुपचूप द्यायचं, मी गुपचूप घ्यायचं. म्हणून आसपास कोणी नाही हे बघून झाकण आत घेतो, कडी लावून जेवतो आणि धुऊन जागेवर ठेवतो. नात्यात नाजूकपणा पाहिजे.

सरांना मेल केला: एम्प्लॉयी बाँडिंग एक्सलंट. पुरावा मागितल्यास देऊ शकतो.

मेसचा डबा बंद करावा का? विचार चालू.

१५ सप्टेंबर
मेसचा डबा बंद केला.

नथूकाकांची तक्रार लिहून ठेवतो. काका म्हणजे गेटवरचे वॉचमन. दुपारी तीनला येतात आणि आल्या आल्या पेंगायला लागतात. आज टेम्पो हॉर्न वाजवून थकला तरी गेट उघडेना. मी त्यांना खुर्चीत बसवून एनर्जी आणि ॲटिट्यूड यावर छान समजावलं. म्हटलं, काका, माणूस आतून पेटलेला पाहिजे. ते म्हणाले, व्हय साहेब, आतून पेटलंयच. पोटावर हात ठेवून म्हणाले. ॲसिडिटी असावी.

१८ सप्टेंबर
वातावरण बिघडलंय. गोलात पूर्वीसारखं हसणं-खिदळणं नाही. मी खिडकीतून बघतो ना.

कारण आज सकाळी कळलं. मोल्डिंगचा ऑगस्टीन आला. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला, वायरिंगपासून सगळ्यात हात चालणारा. म्हणाला, सर, गेले काही दिवस नथूकाकांचा वाटा कोणीतरी खातंय.

मी थक्क. नथूकाकांचा वाटा? मला माहीतच नव्हतं. त्यांची बायको वारल्यापासून घरी चूल पेटत नाही, म्हणून सगळे चमचा-चमचा काढून त्यांच्यासाठी ठेवतात म्हणे. म्हणजे माझ्यासाठी करतात तसंच! ही कल्पना त्यांना माझ्या झाकणावरूनच सुचली असणार. कल्चर वरून खाली झिरपतं ते असं.

आणि असल्या माणसाचा घास पळवायचा? कोण आहे तो नालायक? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑगस्टीनला शब्द दिला, चोर सापडेपर्यंत स्वस्थ बसणार नाही.

जेवण संपल्यावर लिहितोय. आज वांगं फक्कड होतं.

२० सप्टेंबर
चोर सापडला. गोदामामागचं तांबूस मांजर. परवा माझ्याकडे बघून जीभ चाटत होतं, तेव्हाच ओळखलं. गोणीत घालून टेम्पोबरोबर कामणच्या दिशेला पाठवून दिलं. ड्रायव्हर म्हणाला, वेअरहाऊसच्या गेटवर सोडलं. बरं झालं. त्यांना त्यांच्या लायकीचा स्टाफ मिळाला.

नोटीस लावली: 'वाट्याचा प्रश्न व्यवस्थापनाने सोडवला आहे.' खाली माझी सही.

२२ सप्टेंबर
प्रश्न सुटला नाही. मांजर गेलं तरी वाटा गायबच.

आता एकमेकांवर संशय. पॅकिंगच्या बायका म्हणतात, मोल्डिंगची पोरं खातात. पोरं म्हणतात, बायका घरी नेतात. आज दोन वेगळे गोल बसले. एक पंख्याखाली, एक पार बॉयलरच्या भिंतीकडे. मध्ये रिकामा पुठ्ठा. मला कसंतरीच झालं.

मी जिजामावशीला सुचवलं, वाटा कुलपात ठेवा. ती भडकली. म्हणाली, जेवन काय कुलपात ठेवायची वस्तू हाय? वाटा जागच्या जागीच ऱ्हानार. ज्यानं खाल्ला त्याला त्याचं मन खाईल. शब्द न शब्द पटला. मन असलेल्या माणसालाच हे कळतं.

माझं झाकण मात्र चुकलं नाही. नवरात्र लागलं, आज साबुदाणा. एवढ्या भांडणातही मला विसरले नाहीत. ही खरी लॉयल्टी.

२३ सप्टेंबर
झाकणं वाकडी निघतायत. कोणी कोणाला सांगत नाही, मशीन गरम झालंय म्हणून. पूर्वी आरडाओरडा करून सांगायचे. आता बघतात आणि गप्प बसतात. रिजेक्ट मालाचा ढीग छातीपर्यंत आलाय.

कामणची व्हॅन आज आमच्या गेटवर थांबली. आमच्या! पॅकिंगच्या दोघी त्यात बसून बघायला गेल्या. मी टाटा केला. त्यांनी बघितलं नाही.

घराचे हप्ते आहेत. संपदाला यातलं काही सांगितलेलं नाही.

२४ सप्टेंबर, दुपारी चार
नथूकाका गेटवर चक्कर येऊन पडले. डोकं लोखंडी बारवर आपटलं. चार टाके. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही.

ऑगस्टीन सगळ्यांच्या वतीने गॉडफ्रे सरांकडे गेला. शनिवारपर्यंत चोर कळला नाही तर सगळे कामणला जाणार. पगाराचा प्रश्न नाही म्हणाला. आपल्यातलाच कोणी काकांच्या तोंडचा घास काढतो, अशा माणसांबरोबर जेवायचं कसं, आणि जेवता येत नाही तिथे काम कसलं करायचं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. म्हटलं, कॅमेरा लावतो. शनिवारी सगळ्यांसमोर टीव्हीवर लावून दाखवतो. दूध का दूध, पानी का पानी. टाळ्या नाही पडल्या, पण प्रभाव पडला.

२५ सप्टेंबर
ऑगस्टीन कॅमेरा घेऊन आला. विचारलं, सर, कुठे लावू. मी म्हटलं, जिथे वाटा ठेवता तिथे, एवढंही मी सांगायचं? तो म्हणाला, सर, नक्की? म्हटलं, अरे लाव, कोणाची भीडभाड ठेवू नकोस. प्रत्यक्ष मी असलो तरी!

पुन्हा म्हणाला, सर, विचार करा. भला मुलगा आहे, पण निर्णयक्षमता कमी. ट्रेनिंगला पाठवायला हवं.

दुपारी केबिनमध्ये भाषणाची तयारी केली. झाकण खाता खाता. शीर्षक: 'विश्वासघात ओळखा.'

२७ सप्टेंबर, शनिवार
आज लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

सगळे आले होते. सर पुढे बसले. नथूकाका डोक्याला पट्टी बांधून. मी भाषण केलं, चांगलं झालं. शेवटचं वाक्य, 'चला, बघूया हा चेहरा', म्हणून मीच रिमोट दाबला.

स्टूल दिसलं. माझंच स्टूल. माझ्या खिडकीखालचं. जिजामावशी आली, झाकण ठेवून गेली. मला वाटलं, ऑगस्टीन गाढवाने चुकीच्या जागी लावला, हे तर माझं झाकण. हे मी मोठ्याने बोललोसुद्धा.

मग केबिनचं दार उघडलं. एक माणूस बाहेर आला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, झाकण उचललं, वास घेतला, हसला आणि आत गेला. कडी लागल्याचा आवाजसुद्धा आला. कॅमेऱ्याला माइक आहे हे मला माहीत नव्हतं.

मी चोरासारखा दिसतो. याआधी कोणी सांगितलं नव्हतं.

जिजामावशी एवढंच म्हणाली, आनि आम्ही हितं एकमेकांवर संशय घेत बसलो. पॅकिंगची एक बाई रडायला लागली. मोल्डिंगच्या पोराने तिला पाणी आणून दिलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. मला खरंच वाटलं होतं, की माझ्यासाठी. नथूकाका उठले. मला वाटलं, मारतात. ते म्हणाले, जाऊ द्या, साहेबांना भूक लागली व्हती, दुसरं काय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

२९ सप्टेंबर, सोमवार
सरांचा निर्णय. कामणला कोणी जात नाही. गेलेल्या दोघीही परत आल्या. तिथे जेवायला टोकन घेऊन एकेकट्याने बसतात म्हणे, बोलायला बंदी. म्हणजे माणसं टिकली. माझं टार्गेट तांत्रिकदृष्ट्या पूर्ण.

पाटी काढली. केबिन गेली, तिथे आता सगळ्यांची जेवणाची खोली. माझं टेबल गेटवर, नथूकाकांच्या शेजारी. वाईट अर्थ काढायचं कारण नाही. येणारा-जाणारा पहिल्यांदा मलाच भेटतो.

दुपारी बिस्किटं खाल्ली. मेसवाला म्हणतो, नवीन गिऱ्हाईक पुढच्या महिन्यापासून.

काकांचं झाकण आलं. त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली.

३० सप्टेंबर
जिजामावशी गेटवर आली. आज दोन झाकणं. म्हणाली, एक नथूचं, एक बोक्याचं. आता सगळे मला बोका म्हणतात असं कळलं. मी म्हटलं, मावशी, मला नको. ती म्हणाली, गुपचूप खायला गोड लागतं, दिल्यावर नाय व्हय? खा. पन उद्यापास्नं आपल्या घरचं चमचाभर घालायचं. फुकट खातं ते मांजर.

एवढे दिवस झाकणावरचं खाल्लं, पण त्यावर मी कधी काही घातलं नव्हतं. हे आत्ता लक्षात येतंय.

संकल्प: पहाटे उठून बटाट्याची भाजी. व्हिडिओ बघितला. सोपी आहे.

१ ऑक्टोबर
सोपी नाही. खालून करपली, आतून कच्ची. संपदाने चव घेतली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे जास्त लागलं.

तरी नेली. दुपारी त्या खोलीच्या दारात डबा घेऊन उभा राहिलो. माझीच केबिन, पण आत पाय टाकायचं धाडस होईना. ऑगस्टीन सरकला. पुठ्ठ्यावर जागा झाली. झाकण फिरत आलं, मी चमचाभर घातली.

जिजामावशीने एक फोड तोंडात टाकली. ती म्हणाली, मीठ विसरलास रे.

शनिवारपर्यंत मी साहेब होतो, आज सगळ्यांसमोर अरे-तुरे. डिसिप्लिनच्या दृष्टीने हे योग्य नाही. उद्या दसऱ्याची सुट्टी, परवा मावशीशी बोलणार.

मिठाची पुडी आणली. विसरायला नको म्हणून डब्यातच ठेवलीय.