अंगठ्यातल्या सुया आणि भाच्याचा कोट

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (दोन्ही हात आणि एक पाय दुरुस्तीला असल्यामुळे उरलेल्या अंगांनी गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची कवळी बसली का? अक्षर बघून दचकू नकोस, मी सांगतोय आणि ही लिहितेय.

तर, मला एकाच वेळी दोन सांधेदुखी झाल्या आहेत. आधी उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला. पांघरुणाचा काठ लागला तरी बोंब (शेजारी धावत आले, इतकी). डॉक्टरीणबाईंनी सांध्यातलं पाणी काढून तपासलं आणि म्हणाल्या, हा गाऊट, आत सुयांसारखे बारीक स्फटिक झालेत. जन्मभर दुकानात हरवलेल्या सुया कुठे गेल्या, ते तेव्हा कळलं. अंगठा उतरतोय तोवर दोन्ही हातांची बोटं फुगली, सकाळी मूठ वळेना. मी म्हटलं, सुया वर सरकल्या. बाई म्हणाल्या, छे, हा वेगळाच, आमवात. दोन्ही एकाच माणसाला सहसा होत नाहीत. मला उगाच भारी वाटलं. (येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगत होते. — लेखनिक)

पण भाच्याच्या लग्नाचा कोट मामा शिवणार, हा माझा शब्द. तो मोडला असता तर मी दुकान बंदच केलं असतं, खरं सांगतो. शेवटी तोड निघाली. माझा डावा पाय शाबूत, हिचे हात शाबूत. एका मशिनीपुढे दोन स्टुलं मांडली. पायडल मी मारायचं, कापड हिनं सरकवायचं. खांद्याचं वळण आलं की माझा पाय सुसाट, सरळ शिवण आली की मी थांबलेला. इतके आम्ही कधी भांडलो नव्हतो आणि इतके जवळही बसलो नव्हतो. औषधांनी आता उतार आहे. कोट तयार होऊन भिंतीवर टांगलाय. शिवण इतकी सरळ आली आहे की माझं मलाच नवल वाटतं. फार समाधान आहे, ताई.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भाच्याला म्हणावं, लग्नापर्यंत वजन वाढवू नकोस.

आणखी एक ता. क. वन्सं, हे आत आडवे झालेत, म्हणून माझं लिहिते. दोघांनी घातलेली शिवण बघवत नव्हती. दुपारी यांचा डोळा लागला की मी ती उसवून एकटीनं पुन्हा घालत होते. यांना कळू देऊ नका. कोट चढवला की भाच्यानं एवढंच म्हणावं, ‘मामा, अगदी तुमच्या हातचा वाटतो.’ नाहीतर हे पुन्हा मशिनीपुढे बसायचे नाहीत, आणि मला आता एकटीनं शिवायला करमत नाही.