नाक उघडं ठेवून

परतवाडा,
१९ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,
अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण सारी नोकरी धावत्या एसटीत उभं राहून तिकिटं फाडल्यावर त्याला तेवढा हक्क आहेच. शेजारच्या सुंदराबाई मजेत आहेत, त्यांची जीभही शाबूत आहे. पत्र एवढ्यासाठी की फोनवर आपण दोघी एकमेकींना बोलू देत नाही.

नितेशरावांनी बाटली पोचवली. जावई पहिल्यांदाच एकटे आले, म्हणून भरीत-भाकरी केली. जेवण झाल्यावर त्यांनी बाटली पुढ्यात ठेवली आणि मास्तरासारखे सांगायला लागले. "आई, हिला लिकर म्हणतात. ज्योत्स्नानं बनवली आहे, आपल्या परतवाड्याच्या संत्र्यांच्या सालीची. थंड करून थोडीशीच घ्यायची, हळूहळू."

मी विचारलं, "म्हंजे दारूच ना?"

"दारूच. पण चढायसाठी नाही, चवीसाठी."

सरळ उत्तर दिलं. माणूस मला आवडला. तुझ्या या निवडीला मी कधी नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं ते नोकरीला. दारूच्या कारखान्यात जाणाऱ्या पोरीच्या घरचं पाणी पिणार नाही असं मीच म्हणाले होते, आणि तेव्हापासून तुझ्या घरी नाशिकला पाय ठेवला नाही.

बाटलीसोबतची तुझी चिठ्ठी वाचली. पुढच्या महिन्यात माल बाजारात जायचा आहे, कारखान्यात छोटा कार्यक्रम आहे, पहिला पेला आईच्या हातात द्यायचा आहे. इथवर ठीक. खाली लिहिलंस, "नाही आलीस तर मी समजून घेईन." काय समजून घेशील गं? मलाच आत्ता कुठं समजायला लागलं आहे.

नितेशरावांसमोर मी तो इवलासा पेला काढा प्यावा तसा एका घोटात रिकामा केला. म्हटलं, "साखरेचं पानी आहे. ज्योत्स्नाले सांगा, खोकल्याले चालंल." बिचारे हिरमुसले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई आल्या. "काय वं ज्योत्स्नाची माय, हे कोनतं औषिद?"

"दारू आहे."

बाई दचकल्या नाहीत. बूच काढून हुंगलं. "अवं, हे तं नुकतं संत्रं सोलल्यावानी वास येऊन राह्यला! तुले आला नाही काय?"

नव्हता आला. आणि का नाही आला, ते मला तिथंच कळलं. पिताना मी श्वास रोखून धरला होता. पिऊन आलेला माणूस गाडीत चढला की मी नाक बंद करून तोंडानं श्वास घ्यायची. आपल्याकडे देशीच्या दुकानात पिणारे काय मागतात, तुला ठाऊक आहे. 'संत्रा', संत्र्याच्या वासाची देशी. तोच वास. गाडीत तर नंतर, आधी मी तो घरी ओळखायला शिकले होते. तुझे बाबा तो रोज घेऊन यायचे.

मग दुपारी दार लावलं, वाटीत थोडी ओतली आणि नाक उघडं ठेवून बसले. त्या वासातून आधी तुझे बाबाच आले. येतील हे माहीत होतं. वाटी मोरीत ओतावीशी वाटली, पण उठले नाही. थोड्या वेळानं साल आली. हंगामात अमरावतीची गाडी आसेगावच्या पुढं गेली की सगळी गाडी संत्री सोलायची. खिडकीच्या उन्हात सालीचे फवारे दिसायचे, माझ्या हातातल्या नोटांनाही वास लागायचा. ती ड्यूटी मला फार आवडायची, हे विसरूनच गेले होते. मग घोट घेतला. आधी गार, मग गोड, आणि गिळल्यावर जिभेच्या मागं सालीच्या आतल्या पांढऱ्याचा कडवटपणा. तो बराच वेळ राहतो. आता मन होईल त्या संध्याकाळी चमचाभर घेते. चांगली जमली आहे. गोडी जरा कमी कर.

आता वलगावचं लिहिते.

तू पाचवीत होतीस. बाबा तुला अमरावतीहून, आत्याकडून, घेऊन येत होते. गाडी माझी होती आणि गर्दीत ते मला दिसले नाहीत. दिसले तेव्हा ते एका बाईच्या अंगावर पडले होते आणि वर तिलाच शिव्या देत होते. वलगावला मी घंटी मारली आणि त्यांना उतरवलं, कोणालाही उतरवते तसं. तुला म्हटलं, बसून राय. तू उठलीस, खाली उतरलीस आणि त्यांचा हात धरलास. मी दोनदा घंटी मारून गाडी सोडली. मागच्या काचेतून तुम्ही दोघं दिसत होता. मागून येणाऱ्या गाडीनं घरी आलात, आपण जेवलो आणि त्यावर आजवर कोणी एक शब्द काढला नाही.

मी उतरवलं ते बरोबर केलं. आजही उतरवीन. पण तू उतरलीस तेही बरोबर होतं, हे तुला कोणी सांगितलंच नाही. मला तेव्हा वाटलं, पोरीनं बाप निवडला. ती नोकरी धरलीस तेव्हाही वाटलं, ही पुन्हा त्याच्यासोबत उतरली. फार दुखलं गं मला. आता नाक उघडून बघते तर कळतं, त्या वासातून तू संत्रं सोडवून आणलंस. मला अभिमान वाटतो तुझा. बापाकडून आलेला वासच घेतलास आणि त्याचं सोनं केलंस.

मी येते आहे. अकोल्याहून नाशिकची गाडी धरीन, पास आहेच. सुंदराबाईंनी तिळाचे लाडू बांधून दिले आहेत. नितेशरावांना पाठवू नकोस, स्टँडवर तू ये. एसटीची पायरी उंच असते आणि गुडघा आता ऐकत नाही.

या वेळी मी उतरते. माझा हात धर.

तुझी आई,
पंचफुला