दारातली मोजणी

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि परवा तुम्ही जर्मनीच्या संसदेच्या दारात उभे होतात. काठी आडवी धरून, मेंढरं मोजताना उभे राहायचात अगदी तसेच.

तुम्ही गेलात तेव्हा मी इथल्या इस्पितळात नर्स होते. पुढं कामगारांच्या संघटनेत भांडायला शिकले, मग इथल्याच नगरपालिकेत निवडून आले, आणि आता खासदारकीची दुसरी खेप चालू आहे. आपल्या धाकट्यानं विट्याच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लावलाय म्हणे. त्यात मी दुसरीच कुणीतरी बाई दिसते.

इथं हात वर करून कौल कळेना, तर सगळ्या खासदारांना बाहेर काढतात आणि तीन दारांतून परत आत घेतात: हो, नाही, तटस्थ. दारात माणसं उभी राहून एकेकाला मोठ्यानं मोजतात. या मतदानाला इथल्या भाषेत नावही मेंढरांच्या उडीवरूनच पडलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. परवा हसू आलं नाही. परदेशातून आलेल्या कामगारांना त्यांचे म्हातारे आईबाप इथं आणणं अवघड करणारा कायदा होता. पक्षाचं ठरलं होतं, हो म्हणायचं. मला पुढच्या वेळची उमेदवारी हवी होती. "तुझ्याकडं येऊन ऱ्हाऊ का गं थोडं दिस?" असं तुम्ही फोनवर एकदाच विचारलं होतंत, आणि मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले होते. मी 'हो'च्या दारातून गेले. मोजणाऱ्यानं आकडा उच्चारला आणि पाठीला काठी टेकली. मी वळून पाहिलं नाही. भ्यायले होते.

पलूसकडं ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, ती संध्याकाळ आठवते? तुम्हाला ताप भरलेला, म्हणून जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी काठी घेऊन मी उभी. एकेक मेंढी आत सोडते आहे, तुमच्यासारखीच पाठीला काठी लावते आहे. "समदी आली का गं?" तुम्ही घोंगड्यातून विचारता. "आली, आबा." सकाळी लंगडी मेंढी ओढ्यात सापडली, लांडग्यानं फाडलेली. आता मार बसणार म्हणून मी अंग चोरून उभी. तुम्ही नुसता डोक्यावर हात ठेवलात. "मोजाय चुकलीस व्हय? हुतंय, पोरी." त्यापेक्षा चार फटके दिले असतेत तर बरं झालं असतं.

काल धाकट्याचा फोन आला. त्यानं मोबाइलवर बातमी पाहिली होती.

"आक्का, तू 'न्हाई'च्या दारातनंच गेलीस न्हवं?"

"अरे, गर्दीत चुकून भलत्याच दारातून गेले."

तो म्हणाला, "हुतंय, आक्का." आवाज थेट तुमचा. फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी माझी छाती झाली नसती. त्या संध्याकाळी मी मोजायला चुकले नव्हते, आबा. एक कमी आहे हे मला ठाऊक होतं. ओढ्याकडून तिचं ओरडणंही ऐकू येत होतं. मला भूक लागली होती.