दौलतचं बोट

३ नोव्हेंबर १९८६
कुठून अवदसा आठवली नि नागपूरला आलो! इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मागून बोट घालून प्रोस्टेट तपासली. मग हातमोजा काढत म्हणाले, "मास्तर, इतके दिवस कुठं होतात? दगड झालाय तिचा."
म्हटलं, गेल्या वर्षी आदिलाबादला असंच तपासलं होतं, डॉक्टर म्हणाला काही नाही. "नवा असेल. शंभर तपासल्याशिवाय बोटाला कळत नाही." त्या नव्या दवाखान्याची फीत मीच कापली होती!
तुकडा काढून तपासायला दिलाय.

१४ नोव्हेंबर
कॅन्सर. हाडात उतरलेला.

१५ नोव्हेंबर
घरी पोचलो. बायको, पंचफुला, पदर खोचून निघालीच होती — "त्या पोट्ट्याले इचारते! काऊन म्हन्ला काई नाई म्हनून?" दारात आडवा झालो. आदिलाबादला मला तपासणारा दौलत आपल्या बुद्धवाड्यातला पहिला डॉक्टर. आईबाप मजुरीला जायचे, मी पोराला ओढून आणून शाळेत बसवायचो. आज त्याचं नाव गेलं तर लोक म्हणायला टपलेलेच आहेत, यांची पोरं असलेच डॉक्टर होणार!
हे सगळं तिला सांगितलं. मोठं शहाणपण! पण मरायचं मला आहे. मरायचं नाही मला.

१९ नोव्हेंबर
कंबर. बसवत नाही. चीड येते — त्याची, माझी, सगळ्यांची.

२३ नोव्हेंबर
शेवटी दौलतला बोलावलंच. सगळं सांगितलं. पोरगा भिंतीला टेकून उभा. म्हटलं, रडू नकोस, पुन्हा तपास. दगड कसा लागतो ते शिकून घे.
खाटेवर कुशीवर झालो. लाज कसली आता! त्यानं सावकाश तपासलं, मग खालीच बसला. "गुरुजी, तवाबी अशीच लागली होती."
"मंग सांगितलं काऊन नाई?"
"कॉलेजात आमी मागं उभं राहत होतो. बोट घालाले भेटलंच नाई कवा. तुमचीच पहिली. मले वाटलं, अशीच असते."
मला हसूच आलं. रडायला हवं होतं.

२४ नोव्हेंबर
काल विचारायला सुचलंच नाही. सकाळीच दवाखान्यात गेलो. विचारलं — माझ्यानंतर कुणाची अशी लागली?
मान वर करेना. "एकाची. वाटलं, गुरुजीसारखीच हाय, म्हंजे बराबर हाय. घरी पाठवलं."
"कोन?"
"तामसीचे भिवाजी."
भिवाजी — माझा धाकटा भाऊ. दौलतचा दवाखाना चालावा म्हणून मीच त्याला पाठवलं होतं. "माझं तपासलंय त्यानं, बिनघोर जा," म्हणालो होतो.